मखमलचं घराणं

त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, पण शाळेशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. ते शिंपी होते. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे दोन खोल्या आणि खोल्यांमागे फरशी घातलेलं अंगण, एवढा त्यांचा संसार. गिऱ्हाईक दारातून टेबलापर्यंत येईतो मास्तरांनी ओळखलेलं असायचं की याचा उजवा खांदा बोटभर खाली आहे, किंवा हा पोट आत ओढून उभा राहणार आणि कोट तयार झाला की घट्ट होतो म्हणून भांडायला येणार. टेप नंतर लागायची. आधी नजर फिरायची.

कुत्र्यांचा नाद त्यांना लागला तो अगदी अपघाताने. एका मोठ्या कंपनीतल्या साहेबाची परदेशात बदली झाली. शिवायला टाकलेला सूट न्यायला तो आला, तेव्हा त्याच्या काखेत तीन महिन्यांचं कॉकर जातीचं पिल्लू होतं. तांबूस सोनेरी रंगाचं, कान जवळजवळ जमिनीला टेकलेले. "आठवडाभर सांभाळा, माझा भाऊ येऊन नेईल," असं म्हणून साहेब पिल्लू आणि त्याचे वंशावळीचे कागद ठेवून गेला. भाऊ काही आला नाही. पिल्लाने पहिल्याच दिवशी कपड्यांच्या चिंध्यांत अंथरूण केलं, आणि मास्तरांनी त्याला मखमल नाव ठेवलं.

मखमल मोठा झाला तसे मास्तर त्याच्याकडे पाहतच राहायला लागले. कपाळाची गोलाई, तिथून तोंडाकडे उतरणारी रेघ, मानेपासून शेपटीपर्यंतची पाठ, कुठे म्हणून सुरकुती नाही. "देवाने एका हाती कापलंय हे," ते बायकोला म्हणायचे. बायको म्हणायची, "कापलं असेल, पण केस झाडायला मलाच ठेवलंय."

गावातल्या श्वानप्रेमी क्लबच्या प्रदर्शनात मखमल पहिल्याच वर्षी पहिला आला. दुसऱ्या वर्षीही आला. लोक आपापल्या कुत्र्या घेऊन दुकानात यायला लागले. मास्तरांना हो म्हणायला आनंद व्हायचा. एका वहीत ते प्रत्येक जोडीची तारीख, पिल्लांचे रंग आणि ती नेणाऱ्यांचे पत्ते लिहून ठेवत. मखमलच्या अगदी पहिल्या पिल्लांपैकी एक मादी त्यांनी स्वतःकडे ठेवली. तिचं नाव रेशीम. डोकं हुबेहूब बापाचं.

रेशीम दोन वर्षांची झाली तेव्हा क्लबचे सेक्रेटरी दुकानात आले. निवृत्त अधिकारी, बोलणं पक्कं, चप्पल काढतानाही आदेश देतायत असं वाटावं. म्हणाले, "मास्तर, हे डोकं हातचं जाऊ द्यायचं नसेल तर रेशीमला मखमलच लावा."

"पण ती त्याची लेक आहे."

"लेक वगैरे माणसांत. कागदावर याला लाइन पक्की करणं म्हणतात. जगातल्या सगळ्या चांगल्या जाती अशाच झाल्यात. बाहेरचं रक्त आणाल तर काय निघेल सांगता येत नाही. घरचंच घराण्यात ठेवलंत तर दरवेळी मखमल निघेल."

स्वयंपाकघरातून बायकोने हे ऐकलं होतं. सेक्रेटरी गेल्यावर ती म्हणाली, "अहो, बापाला लेक? तुमची जीभ तरी कशी रेटते?"

"अगं, जनावरांना कुठे नातं कळतं?"

"त्यांना नसेल कळत. तुम्हाला तर कळतं ना?"

मास्तर यावर हसले होते. ते हसणं पुढे त्यांना फार छळायचं.

रेशीम व्याली. पाच पिल्लं झाली. एक दुसऱ्या दिवशी गेलं, चार जगली आणि चारही एकाच साच्यातून काढल्यासारखी. मास्तर हरखून गेले. एक मादी घरी राहिली, ती मलमल. एक नर बायकोच्या धाकट्या भावाने नेला. त्याला कुत्र्यांच्या धंद्यात पाय रोवायचा होता. त्याने नाव ठेवलं शाही. तिसरं पिल्लू कुठल्या तरी लांबच्या शहरात गेलं. चौथं मास्तरांनी एका निवृत्त पोस्टमनला दिलं. बायको गेल्यापासून तो तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहायचा. त्याने पिल्लाचं नाव ठेवलं टपाल. "आयुष्यभर मी टपाल घेऊन फिरलो," तो म्हणायचा, "आता टपाल मला घेऊन फिरतं."

साडेतीन वर्षं मजेत गेली. शाहीने तीन बक्षिसं मारली. मखमलच्या पिल्लांचा आकडा मास्तरांच्या वहीत शंभराच्या पुढे गेला. पिल्लांची पिल्लं तर त्यांनी मोजलीच नव्हती.

मग एके दिवशी पोस्टमन टपालला घेऊन दुकानात आला.

"मास्तर, हा हट्टी झालाय. सकाळी धडाधड जिना उतरतो, पण संध्याकाळी वरच्या पायरीवर बसतो तो हलत नाही. उचलून आणावा लागतो. माझे गुडघे आता तेवढे राहिले नाहीत."

"लाडावलाय," मास्तर काज करता करता म्हणाले. "दोन दिवस उचलू नका, आपोआप उतरेल."

पोस्टमनने तसंच केलं. दुसऱ्या दिवशी टपाल उतरायला गेला आणि सात पायऱ्या गडगडत खाली आला. पुढचा पाय मुरगळला. पोस्टमन रागावला नाही, त्याने फक्त येऊन सांगितलं. त्याच संध्याकाळी मास्तरांनी दुकानातला दिवा लावायच्या आधी मलमलला आतल्या खोलीतून दुकानात बोलावलं. ती धावत आली आणि इस्त्रीच्या टेबलाच्या पायावर आदळली. ते टेबल त्या दिवशी दुपारीच त्यांनी हातभर सरकवलं होतं. मलमलने तोंड वर केलं. तिच्या डोळ्यांत हिरवट चकाकी होती, काचेच्या गोटीत असते तशी. मास्तरांनी तिच्या डोळ्यांपुढे बोट नाचवलं. ती शेपूट हलवत राहिली, पण बोटाच्या दिशेने नाही, आवाजाच्या दिशेने.

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि पोस्टमन दोघेही आपापली कुत्री घेऊन जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी खोली अंधारी केली, बारीक दिव्याने दोघांचेही डोळे पाहिले. मग विचारलं, "ही दोघं भावंडं का?"

"हो."

"आणि आईबाप?"

मास्तरांनी सांगितलं. बाईंनी मान वर केली नाही.

"डोळ्याच्या मागचा पडदा विरत चाललाय," त्या म्हणाल्या. "आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग उजेडातलं. वर्ष, दीड वर्ष. याला औषध नाही. ऑपरेशनही नाही."

"पण मखमल नऊ वर्षांचा आहे," मास्तर म्हणाले. "तो अजून उडती माशी पकडतो. रेशीमलाही चांगलं दिसतं."

"त्या दोघांना काही होणार नाही. ती फक्त देणार."

बाईंनी समजावून सांगितलं. प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गोष्ट दोनदा मिळते, एकदा बापाकडून, एकदा आईकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते आणि वरून काहीच कळत नाही. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या तर मात्र संपलं. मास्तर ऐकत होते आणि त्यांना कोट दिसत होता. वरचं कापड आणि आतलं अस्तर. वरच्याला भोक पडलं तर अस्तर झाकतं. पण वरचं आणि आतलं दोन्ही एकाच ताक्यातून कापलं, तर विणीतला दोष दोषावरच येऊन बसणार. हे त्यांना शिकाऊ असल्यापासून ठाऊक होतं. कुत्र्यांच्या बाबतीत ते सुचलं मात्र नाही.

"बाहेरच्या मादीशी जोडी लागली असती तर?" त्यांनी विचारलं.

"तर बहुतेक हे झाकलेलंच राहिलं असतं."

परतताना कोपऱ्यावर पोस्टमनने टपालच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी त्याला दोन दिवस उचललं नाही हो." उचलू नका म्हणून तर मास्तरांनीच सांगितलं होतं.

रक्ताचे नमुने बाहेरगावी गेले, महिन्याभराने कागद आले. मखमलमध्ये दोष लपलेला. रेशीममध्ये लपलेला. रेशीमला दुसऱ्या नराकडून झालेली जरी नावाची धाकटी मादी होती, तिच्यातही लपलेला.

मास्तरांनी वही काढली आणि दर रविवारी दुकान बंद ठेवून ते घरोघर जायला लागले. वहीतल्या पत्त्यांवर, एकामागून एक. कुठे चहा झाला, कुठे दारातच बोलणं झालं. एका बाईने कुत्र्याला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, "आमच्या बाळाला काही झालेलं नाही. तुम्ही अभद्र बोलू नका." एकाने विचारलं, "म्हणजे तुम्ही आम्हाला खराब माल दिलात?" मास्तर हो म्हणाले. एवढ्या सरळ उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती, तोच ओशाळला. पण बहुतेकांनी एकच विचारलं, "मग आता आम्ही काय करायचं?"

याला मास्तरांकडे उत्तर होतं ते एवढंच: पिल्लं घेऊ नका, घ्यायचीच तर आधी चाचणी करा. लोक मान डोलवायचे. पण ज्याच्या कुत्र्याचे डोळे आत्ताच जायला लागले होते, तो तसाच बघत राहायचा. त्याचा प्रश्न वेगळा होता. मास्तर पायांत चपला सरकवून उठायचे. पायऱ्या उतरताना वाटायचं, आपण हे सांगायला आलो तरी कशाला? आपलं मन हलकं करायला?

सेक्रेटरींकडे ते तीनदा गेले. चाचणीचा कागद असल्याशिवाय क्लबने वंशावळीची नोंद करू नये, एवढंच मागणं होतं.

"मास्तर, तुम्ही भावनेच्या भरात आहात," सेक्रेटरी म्हणाले. "शंभरात चार-पाच आंधळी निघणार. चांगल्या जातीत हे चालतंच."

"तुम्हीच सांगितलं होतंत मला, मखमल लावा म्हणून."

"मी सल्ला दिला. कुत्रा तुमचा होता."

यात खोटं काही नव्हतं.

मेहुण्याकडे जाणं त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. बायकोही बरोबर आली. मेहुण्याने आता घरामागे जाळीच्या दहा खोल्या बांधल्या होत्या, प्रत्येकीवर पाटी. शाही बारा माद्यांना लागला होता. त्यातल्या चार त्याच्या सावत्र बहिणी.

"शाहीची चाचणी कर," मास्तर म्हणाले. "त्याला अजून दिसतंय हे नशीब. पण आत काय आहे ते बघून घे."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर थांबायचं."

मेहुणा हसला. "भाऊजी, मग न केलेलीच बरी. माहीत नाही तोवर मी कुणाला फसवत नाही. माहीत झालं की फसवल्यासारखं होईल."

"अरे, पण पिल्लं आंधळी होतायत," बायको म्हणाली.

"ताई, पिल्लू विकतं ते तोंड बघून. ते तोंड कुणी काढलं? मला हे कुणी शिकवलं? दोन वर्षं मी भाऊजींच्या अंगणात बसून शिकलो. तेव्हा म्हणत होते, बाहेरचं रक्त नको. आता म्हणतात, घरचं नको. मी आता कुठे जाऊ?"

घरी पोहोचून दार उघडताना बायको म्हणाली, "त्याला बोलायला तोंड तुम्ही दिलंत." मग थोड्या वेळाने तिनेच चहा केला आणि कप त्यांच्या हातात देताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तरी मास्तरांनी एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. जरीला पूर्ण परक्या रक्ताचा, चाचणीत स्वच्छ निघालेला नर शोधायचा आणि तिथून घराणं नव्याने सुरू करायचं. पिल्लांसाठी नव्हे, केलेलं थोडं तरी उसवून नीट शिवता येतं का, हे बघायला. पत्रं लिहिली, फोन केले. एका लांबच्या शहरातल्या म्हाताऱ्या गृहस्थाकडे तसा नर असल्याचं कळलं. मास्तर जरीला घेऊन दिवसभराचा प्रवास करून तिथे पोहोचले.

कुत्रा देखणा होता. तीन वर्षांचा, स्वभावाने शांत. चाचणीचा कागद स्वच्छ. मास्तरांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना बरं वाटलं. मग हात थबकला. ती गोलाई हाताला ओळखीची होती.

"वंशावळ बघू?" ते म्हणाले.

म्हाताऱ्याने अभिमानाने कागद उलगडला. वडिलांच्या बाजूने पणजोबा, त्या चौकटीत बोट ठेवलं. "हा बघा. आमच्याकडचं सगळं याच्यावर उभं आहे. आईच्या बाजूनेही हाच, आजोबा म्हणून. याचं नाव ऐकलंय का तुम्ही?"

चौकटीत लिहिलं होतं मखमल.

"ऐकलंय," मास्तर म्हणाले.

"नशीबवान आहात तुम्ही, पाहिलाही असेल. फक्त हल्ली एक होतं बघा. पूर्वी सात-आठ पिल्लं व्हायची, आता तीनच होतात. त्यातलं एखादं जातं. आणि सगळ्यांना कातडीची खाज. पण डोकं बघा ना, डोकं!"

जोडी न लावताच मास्तर परतले. त्यांनी डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "डोळ्यांची चाचणी आहे म्हणून डोळ्यांचं कळलं. ज्यांच्यासाठी चाचणीच नाही, असं काय काय असेल ते मला तरी कुठे माहीत?" जरीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून टाकलं. रेशीमचंही. अंगणात पुन्हा पिल्लं झाली नाहीत.

मलमल पूर्ण आंधळी झाली आणि घरात रुळलीही. कुत्री माणसांइतकी कुढत नाहीत. बायकोने फक्त एक नियम केला, घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही. टेबल, बाकडं, पाण्याचं भांडं, सगळं खिळल्यासारखं जागच्या जागी. टपालला मात्र तिसऱ्या मजल्याचा धसका बसला तो बसलाच. पोस्टमनने शेवटी घर बदललं, तळमजल्यावरची अंधारी खोली घेतली. "त्याला काय, अंधारीच काय नि उजेडाची काय," तो म्हणाला. पण ओल मुरलेल्या त्या खोलीत तो स्वतः वर्षभर खोकत होता. मास्तर दर आठवड्याला जाऊन बसायचे.

मखमल बारा वर्षांचा होऊन गेला, म्हातारपणाने, झोपेत. त्याचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते.

त्यानंतरच्या प्रदर्शनात क्लबने मखमलच्या नावाने फिरता चषक ठेवला, सर्वांत सुंदर डोक्यासाठी. तो द्यायला मास्तरांनाच बोलावलं. बायको म्हणाली, "जाऊ नका." मास्तर म्हणाले, "जातो. माईक हातात देतील. कधी नाही ते सगळे एका जागी सापडतील."

मैदानावर मांडव होता, खुर्च्या भरलेल्या होत्या. मास्तरांनी कागद नेला नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. बापलेकीची जोडी, टपालचा जिना, लांबच्या शहरातली ती चौकट. म्हणाले, "चूक माझी आहे. मी डोकं बघत राहिलो. ज्याला हा चषक मिळेल, त्याने आपल्या कुत्र्याची चाचणी करावी आणि याच्या नात्यातली मादी याला लावू नये. मी हात जोडतो." आणि त्यांनी खरोखर हात जोडले. कुठेतरी मागे एक कुत्रा भुंकला, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग टाळ्या वाजल्या, बऱ्याच वाजल्या. सेक्रेटरींनी माईक घेऊन "मास्तरांचा प्रामाणिकपणा आपल्या क्लबचं भूषण आहे" असं सांगितलं आणि चषक शाहीच्या मुलाला जाहीर केला.

मास्तरांनी तो मेहुण्याच्या हातात दिला. फोटो निघाला.

मांडवाबाहेर एक तरुण जोडपं त्यांची वाट बघत उभं होतं. मुलीचे डोळे भरून आले होते. "काका, तुमचं बोलणं फार भिडलं," ती म्हणाली. "एवढं खरं कुणी बोलत नाही. आम्ही ठरवलंय, घ्यायचं तर अशा माणसाकडूनच. तुमच्याकडे पिल्लू आहे का?"

"नाही."

"या डोक्याचं? एखादंसुद्धा?"

"नाही गं बाळा. तेच तर मी सांगत होतो."

"हो हो, ते कळलं," मुलगा म्हणाला. "म्हणजे तुमच्याकडे नाही. पण मग कुणाकडे मिळेल?"

दोघं चांगली होती. पिल्लाला पोटच्या पोरासारखं जपणारी होती. तेवढ्यात मागून मेहुणा आला, चषक काखेत धरून, आणि खिशातून कार्ड काढून त्याने मुलीच्या हातात दिलं.

"पुढच्या महिन्यात या," तो म्हणाला. "सहा झालीत. आमच्या भाऊजींच्याच घराण्यातली आहेत."

मुलीने मास्तरांकडे आनंदाने पाहिलं, जणू त्यांनीच ते जमवून दिलं होतं.

"चाचणी करून घ्या," मास्तर म्हणाले. "घ्यायच्या आधी."

"नक्की काका," ती म्हणाली आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं.